बुरुजाखालची सदाफुली

“ही मात्र रानातली नव्हे,” पुनम मॅडम म्हणाल्या. “ही बागेतली. कुणी आणून लावल्याशिवाय ही इथवर येणार नाही.” एवढं बोलून त्या पुढच्या झुडपाकडं वळल्या, पण आनंदराज सोनकांबळे दचकून मागं सरला. तसं बघायला गेलं तर घाबरण्यासारखं त्यात काय होतं? मोरदरीच्या डोंगरावर, पडक्या बुरुजाच्या सावलीत सदाफुलीचा एक ताटवा फुलला होता. पांढरी फुलं जास्त, गुलाबी कमी. सदाफुली कुठं नसते? नांदेडला त्याच्या शेजाऱ्यांनी तर ती तेलाच्या डब्यात लावलेली होती. पण सकाळपासून वीस माणसं टोप्या घालून, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून रानफुलांची नावं विचारत डोंगर चढत होती, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या पुनम मॅडम न थकता सांगत होत्या: हा पळस, ही धायटी, ही जमिनीला चिकटून बसलेली काटेरी जांभळी म्हणजे भुईरिंगणी, ही टिकलीएवढी निळी शंखपुष्पी. नाव कळलं की लोक फोटो काढत आणि पुढं सरकत, म्हणजे नाव कळलं की फूल बघून झालं. सदाफुलीचं नाव सगळ्यांना ठाऊकच होतं, त्यामुळं तिच्यापाशी कुणी थांबलं नाही. एकटा आनंदराज थांबला. कुणी आणून लावल्याशिवाय, असं त्या म्हणाल्या होत्या. या डोंगरावर घर नाही, देऊळ नाही, दर्गा नाही, खालचं गाव दीड कोसावर. मग कुणी लावली, आणि कशासाठी?

त्याला ते विचारायचं नव्हतं. खरं म्हणजे तो ज्याची भीती बाळगून इथं आला होता, तेच समोर फुललेलं होतं. “आनंदा डोंगरावर हाय. बुरजाखाली. एकटं हाय लेकरू. त्याला घेऊन ये.” त्याची माय, भामाबाई, दिवाळीपासून हे एकच वाक्य बोलत होती. पहिल्यांदा बोलली तेव्हा घरातले सगळे हसले होते आणि तोही हसला होता, कारण आनंदा म्हणजे तोच. “माय, मी इथंच हाय की, तुझ्यासमोर,” तो म्हणाला होता. मायनं त्याच्याकडं नीट बघितलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत, भाजी निवडताना बघावं तसं. “तू हायस रे. तू तर हायसच. मी आनंदाचं म्हणून राहिले,” ती म्हणाली होती. मग हसणं थांबलं. नंतर नंतर ती पहाटे उठून फडक्यात भाकरी बांधायची आणि फाटकापाशी जाऊन उभी राहायची. एकदा तर पार भाग्यनगरच्या कमानीपर्यंत गेली. पोटच्या लेकाला समोर बसवून त्यालाच शोधायला निघालेली बाई. बुद्धप्रिया तिच्या मागं धावून धावून थकली. बायको वाईट नव्हती, तिनं सासूचं सगळं केलं होतं, पण तिचेही गुडघे आता पन्नाशीला टेकलेले. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, अर्धी गोळी दिली. अर्ध्या गोळीनं काही होईना, तेव्हा म्हणाले, आता पूर्ण द्या, दिवसभर झोपून राहतील, तुम्हालाही त्रास नाही आणि त्यांनाही नाही. ती पूर्ण गोळी आज संध्याकाळपासून सुरू व्हायची होती.

म्हणजे माय वेडी झाली आहे की खरं बोलते आहे, हे कळायला त्याच्या हातात आजचा दिवस होता. एकदा गोळी लागू पडली की ते वाक्य झोपून जाणार, आणि मग ते खरं होतं का, हे विचारायला जगात कुणी उरणार नव्हतं. बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मायच्या तोंडून एकदाच, ओझरतं, मोरदरीचं नाव आलं होतं. नांदेडच्या निसर्गप्रेमी मंडळींच्या ग्रुपवर ‘मोरदरी किल्ला व वसंतातील रानफुले’ असा निरोप पडला तेव्हा पाटबंधारे खात्यातल्या या वरिष्ठ लिपिकानं, ज्यानं आयुष्यात फुलाकडं कधी वाकून बघितलं नव्हतं, सगळ्यात आधी नाव नोंदवलं. घरी सांगितलं, कोलेस्टेरॉल वाढलंय, डोंगर चढावा म्हणतो. बुद्धप्रिया म्हणाली, “चढा. पण संध्याकाळी गोळीच्या वेळेला घरी या. माझ्या हातून घेत नाहीत त्या.”

लोहा, कंधार करत गाडी जळकोटच्या पुढं आली आणि डोंगराला लागली तेव्हा आठ वाजले होते, आणि उन्हाला फाल्गुनातला चटका आला होता. पानं झडून गेलेल्या रानात पळस तेवढा पेटलेला. त्याला ते लाल बघवेना. आपण इथं आधी आलोय असं त्याला वाटत होतं आणि लगेच असंही वाटत होतं की हे वाटणं खोटं आहे, मायच्या बोलण्यामुळं डोक्यात शिरलेलं. ग्रुपचे म्होरके भुजंगराव, सेवानिवृत्त इतिहास शिक्षक, पुढं चालता चालता सांगत होते की ही दगडी पायवाट बहामनी काळातली असावी, बघा कसा एकेक दगड बसवलाय. माणसं वाकून दगडांना हात लावत होती. आनंदराजही वाकला, आणि हात लावताच त्याला का कोण जाणे मायचे हात आठवले; बोटांची पेरं जाडजूड झालेली, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. लहानपणी त्यानं विचारलं होतं, हे काळं कशानं झालं? “खडी फोडताना,” ती म्हणाली होती, “दुष्काळात.” कुठं, ते त्यानं कधी विचारलं नाही. आईबापाच्या दुष्काळाचं मुलांना काय पडलेलं असतं? त्याच्या लेखी बहात्तरचा दुष्काळ म्हणजे मायनं सांगितलेली, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सरकारी सुकडी, म्हणजे एक गोष्टच, ऐकत ऐकत झोपायची.

तसा विचार केला तर घरातल्या पुष्कळ गोष्टी त्यानं झोपेतच ऐकल्या होत्या. नावाची गोष्ट घ्या. बाप, नरसिंग, ती गोष्ट आल्यागेल्याला सांगायचा. वस्तीत तोवर दगडू, धोंडबा, कचरू अशी नावं. धम्म घेतला तरी जिभेला तीच सवय. बापानं ठरवलं की आपल्या लेकाचं नाव तसलं ठेवायचं नाही. लोह्याजवळच्या गावातून तो नांदेडपर्यंत चालत गेला, भर पावसात, ओढ्याला छातीएवढं पाणी, आणि भन्तेजींना विचारून नाव घेऊन आला: आनंदराज. अख्ख्या वस्तीत असं नाव पहिलंच. बाप हे सांगताना छाती फुगवायचा, आणि आनंदराजला वाटायचं, आपल्यासाठी बाप पुरातून चालत गेला. एकदा मात्र चुलीपाशी बसलेली माय मध्येच बोलली होती, “ते आधीच्या खेपेचं.” बापानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि खोकायला लागला. आधीची खेप म्हणजे काय, हे आठ-नऊ वर्षांच्या पोरानं विचारलं नाही, आणि मोठ्या माणसानं तर कधीच नाही. शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म एकाहत्तरचा. माय म्हणायची, तू मिलो सरल्यावरचा, म्हणजे चौऱ्याहत्तरचा. अशा चुका त्या काळात घरोघरी व्हायच्या, मास्तर अंदाजानं तारीख टाकायचे, म्हणून त्यानंही ती हसण्यावारी नेली आणि तीन वर्षांनी म्हातारा होऊन नोकरीला लागला. आणि माय त्याला नावानं हाक मारत नसे. बाळा म्हणायची, नोकरी लागल्यावर कौतुकानं साहेब म्हणायची. आनंदा हा शब्द तिच्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकला तो या दिवाळीत, आणि तोही त्याच्यासाठी नव्हे.

“काका, जरा बाजूला होता का? बुरुजाचा फोटो येत नाहीये,” कुणीतरी म्हणालं. आनंदराजला बाजूला व्हावंसं वाटेना. बाजूला म्हणजे कुठं पाय ठेवायचा? कारण आता त्याला दिसलं होतं की सदाफुलीच्या मधून मधून दगड आहेत. बुरुजाचे ढासळलेले मोठे दगड नव्हेत; लहान, हातात मावतील असे, आणि त्यांचे वीतभर उंचीचे, हातभर लांबीचे ढीग. एक, दोन, आणि त्या तिकडं आणखी. फोटोवाला वैतागून निघून गेला. ढिगांच्या पलीकडं शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागं एक म्हातारी हातात काठी घेऊन बसली होती. ती इतका वेळ या टोप्यावाल्या माणसांकडं बघून गालातल्या गालात हसत असावी.

“काय बगून राहिलाव?” तिनं विचारलं. “तिथं काय बगायसारखं न्हाई. किल्ला तिकडं हाय.”

“मावशी, ही फुलं कुणी लावली?”

“ती व्हय? शेळ्या तोंड लावत न्हाईत त्येला, कडू असतंय. म्हनून टिकली.” हे काही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. भुजंगराव तेवढ्यात तिथं आले आणि म्हातारीला म्हणाले, “आजी, ही तुमची वाट कुणी बांधली माहीत आहे का? राजानं.” म्हातारी खदखदून हसली, तोंडात दातच नव्हते. “कशाचा राजा! आमी बांदली की. भात्तरच्या दुष्काळात. म्या सोता दगडं व्हायलेत डोक्यावर. राजा म्हनं!” भुजंगराव जरा ओशाळले, मग म्हणाले की खालचा थर तरी जुना असणार, आणि घाईनं तोफेच्या चौथऱ्याकडं गेले. आनंदराज म्हातारीसमोर उकिडवा बसला. तिचं नाव नागुबाई. त्याला विचारायचं होतं, आणि न विचारता उठून जावं असंही वाटत होतं. विचारलं नाही तर माय वेडीच राहील आणि तो होता तसा राहील. संध्याकाळी गोळी द्यायची, झालं.

“मावशी, कामावर लेकरं पण होती का, तेव्हा?”

“व्हती की. लेकरं कुठं ठिवनार? गोवर आला तवा लई गेली,” ती म्हणाली, आणि काठीनं ढिगांकडं दाखवलं, घरातली खोली दाखवावी तसं. “परगावची मानसं, त्यांला कोन जागा दिनार? गावात ज्याचं त्याचं मसनवाटं येगळं. मंग हितंच ठिवली समदी. वर दगडं, वर बोरीचं काटं. कोल्ही उकरतेत म्हनून.”

“कुणाची लेकरं?”

“समद्यांची. आमची, तुमची.” मग तिनं डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं. “तुमी कुनाचं म्हनायचं?”

हा प्रश्न गावाचा नसतो, जातीचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. एरवी तो हुद्दा सांगून मोकळा व्हायचा. आज तो म्हणाला, “भामाबाईचा. लोह्याकडची. बौद्धवाड्यातली.”

“भामाबाया चार व्हत्या,” नागुबाई म्हणाली. “काळी भामा, उंच भामा, अन् दोन नुसत्या.”

“त्यातली कुणी इथं नंतर येत होती का? फुलं लावायला?”

“एक बाई यायची खरी. वर्सा-दोन वर्सानं. तांब्यात पानी आनायची खालून. कुनाशी बोलायची न्हाई.”

“दिसायला कशी होती?”

नागुबाईनं बराच विचार केला. “बाईवानी व्हती,” ती म्हणाली, आणि शेळ्या खाली उतरायला लागल्या म्हणून उठून गेली.

आनंदराज तिथंच बसला. हाती काय आलं? चार भामाबाया आणि एक बाईसारखी बाई. सरकारी फाइलवर एवढ्या पुराव्यानं त्यानं कधी सही घेऊ दिली नसती. त्यानं ढीग मोजले. नऊ भरले, परत मोजले तर अकरा, काही दगड नुसतेच घसरून पडलेले असतील. यातला आनंदा कोणता? की यातला कुठलाच नाही, आणि म्हातारपणी मायच्या डोक्यात दुसऱ्या कुणा बाईचं दुःख शिरून बसलंय? चार भामाबाया एकाच वाटेवर दगड वाहत असतील तर कुणाचं लेकरू कुणाच्या आठवणीत राहिलं हे कोण सांगणार? असंही झालं असेल. त्याला तसं झालेलं हवं होतं. कारण ते खरं निघालं तर बाप पुरातून चालत गेला तो त्याच्यासाठी नव्हे. छातीएवढ्या पाण्यातून आणलेलं नाव ते या दगडांखालच्याचं. दाखल्यावरची तारीखही त्याचीच. मग आपल्यासाठी म्हणून घरात काय केलं होतं? एक वापरलेलं नाव धुऊन अंगात घातलं, एवढंच? पन्नाशी उलटलेल्या माणसाला दीड-दोन वर्षांच्या मेलेल्या पोराचा हेवा वाटला, खरोखर वाटला, आणि लगेच त्याची इतकी लाज वाटली की त्यानं तोंड ओंजळीत धरलं. नाव तर त्या पोराचंच होतं. आपण ते पन्नास वर्षं वापरलं, कागदांवर सह्या ठोकल्या, दारावर पाटी लावली, लग्नपत्रिकेवर छापलं, आणि तो इथं बिननावाचा पडून राहिला, काट्यांखाली. त्याला वाटलं हाक मारून बघावी. आनंदा, अशी हाक त्यानं मनातल्या मनात मारलीसुद्धा, आणि आतून ओ आली ती त्याचीच.

परतीच्या गाडीत मंडळी गाण्यांच्या भेंड्या खेळत होती. पुनम मॅडम शेजारी येऊन बसल्या, म्हणाल्या, “तुम्ही सदाफुलीपाशीच बसून होता. तिथं काही दिसलं का?” तो म्हणाला, “नाही, दम लागला होता.” त्यांनी त्याला लिंबाची गोळी दिली. कंधारच्या आसपास त्याचं ठरलं की मायला सांगायचं, बघून आलो, तिथं कुणी नाही. लोहा आलं तेव्हा ठरलं की सांगायचं, आहे, पण एकटा नाही, बरीच लेकरं आहेत सोबतीला. नांदेड जवळ आलं तेव्हा यातलं काहीच सांगायचं त्याचं धाडस होईना. काही न बोलता गोळी दिली तर कुणीही त्याला नावं ठेवणार नव्हतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. माय खिडकीपाशी खाटेवर बसली होती. बुद्धप्रिया आतून म्हणाली, “बरं झालं वेळेत आलात, पाणी आणते.” त्यानं टोपी काढलेली नव्हती, दिवसभराच्या उन्हानं तोंड रापलेलं, पँटवर गुडघ्यापर्यंत तांबडी माती. माय त्याच्याकडं बघत राहिली. तिची नजर त्या मातीवर गेली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. इतकं उजळलेलं तोंड त्यानं तिचं कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या लग्नातही नाही.

“आलास?” ती म्हणाली.

“हाव, माय.”

“चालत आलास?”

“गाडीनं आलो.”

“केवढा झालास रे. मी म्हनले, तेवढासाच असशील.” तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि दाराकडं बघून आवाज बारीक केला. “बस. त्यो यायच्या आत बोलून घेते. तुजा भाऊ. हापिसातून यील आता. त्याला कायी ठावं न्हाई.”

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला होता. बुद्धप्रिया एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

“तुज्या बापानं तुजं नाव त्याला दिऊन टाकलं,” माय म्हणाली. “म्या न्हाई म्हनले व्हते. म्हनले, लेकराचं त्येवढंच तर हाय, ते त्याच्यापाशी राहू द्या. न्हाई ऐकलं. म्हनला, येवढं चांगलं नाव मातीत कसं घालू? म्या त्या नावानं कधी हाक मारली न्हाई त्याला, तुजी शपत. एकडाव बी न्हाई.” तिनं परत दाराकडं बघितलं. “तू रागावू नको लेकरा. त्याचा कायी दोष न्हाई. लई गुनाचा हाय त्यो, माजं समदं करतो. पर तू म्हनशील तर मी मागून घेते त्याच्याकडून. दिईल त्यो. मागू का?”

ती उत्तराची वाट बघत होती. खरोखर वाट बघत होती. त्यानं हो म्हटलं असतं तर ऑफिसातून येणाऱ्या लेकाकडं तिनं ते मागितलंच असतं. आनंदराजनं तिच्या काळ्या नखावरून अंगठा फिरवला.

“नको, माय,” तो म्हणाला. “राहू दे त्याच्याकडं.”

“मनापासून म्हनतूस?”

“मनापासून.”

मायनं डोळे मिटले, परत उघडले. पन्नास वर्षांचं ओझं उतरवलेल्या बाईनं जसं कमरेवर हात ठेवून उभं राहावं तशी ती ताठ बसली. “मंग जेवून जा,” ती म्हणाली. “भाऊ आला की दोगं संगं बसा. तुमी दोगं कधी संगं जेवला न्हाईत.”

बुद्धप्रियानं गोळीची मूठ मिटून घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदराज हात धुवायला उठला आणि तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाला, “दोन ताटं वाढ.”